सहा मीटर रस्ता आणि अर्धी शाळा

सकाळी सहा चाळीसला आमच्या गल्लीत शाळेची व्हॅन अडकते. रोज. समोरून दुधाचा टेम्पो येतो, डाव्या हाताला दोन चारचाकी लावलेल्या असतात, उजवीकडे एक बुलेट आणि तिच्या पुढे कुणाच्या तरी घराच्या बांधकामाची वाळू. व्हॅनवाला हॉर्न मारतो, टेम्पोवाला खाली उतरतो, सहावीतली नात खिडकीतून मला हात करते. मी गॅलरीत चहा घेत उभा असतो. हा रस्ता सहा मीटरचा आहे हे सांगायला मला टेप लागत नाही. 1987 साली तो मीच काढला होता.

मी ड्राफ्ट्समन. 1984 ते 2021 अशी सदतीस वर्षं नाशिकमधल्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात लेआउट आणि बिल्डिंगचे प्लॅन काढले. सुरुवातीला टी-स्क्वेअर, ट्रेसिंग पेपर, रोट्रिंगची पेनं आणि अमोनियाच्या वासाच्या प्रिंटा; पुढे ऑटोकॅड. महापालिका 1982 ची, म्हणजे माझ्याहून दोनच वर्षांनी सीनियर. 1991 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या साडेसहा लाख होती, 2001 मध्ये पावणेअकरा लाख, 2011 मध्ये 14 लाख 86 हजार. 2021 ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे पुढचा आकडा ज्याचा त्याने धरावा. या वाढीतला एक चतकोर तुकडा माझ्या टेबलावरून गेला. खाली लिहिलंय ते त्या टेबलावरचं शहाणपण, बहुतेक सगळं उशिरा आलेलं.

1. सहा मीटर हा कुणाचाच निर्णय नव्हता

लोकांना वाटतं, कुठल्या तरी लबाड बिल्डरने किंवा खाबू अधिकाऱ्याने गल्ली अरुंद ठेवली. तसं नसतं. पाथर्डी, म्हसरूळ, आडगाव, माखमलाबाद, कुठल्याही शिवारातला शेतकरी मोजणीचा नकाशा गुंडाळून पिशवीतून घेऊन यायचा. चार एकर, सहा एकर. भावाभावांत वाटणी झालेली, कुणाच्या मुलीचं लग्न, कुणाच्या विहिरीचं कर्ज. आमच्या साहेबांचा पहिला प्रश्न ठरलेला: "किती प्लॉट बसतात?" आणि तो प्रश्न माझ्याकडे बघून असायचा.

त्या वेळच्या नियमात रस्ता जितका लांब तितका रुंद धरायचा, आणि आखूड रस्त्याला कमी रुंदी चालायची. मग रस्ता सरळ न्यायचाच कशाला? मधेच तोडायचा, काटकोनात वळवायचा, पुढे पुन्हा नवा रस्ता म्हणून सुरू करायचा. प्रत्येक तुकडा आखूड, म्हणून प्रत्येक तुकडा अरुंद. आमच्या कॉलन्यांत नवखा माणूस गोल गोल फिरत राहतो त्याचं कारण वास्तुशास्त्र नव्हे, मी.

नऊ मीटरचा रस्ता सहाचा केला की तीन मीटर वाचतात. शंभर मीटर लांबीत तीनशे चौरस मीटर. म्हणजे एक अख्खा प्लॉट. हे गणित मी 1987 मध्ये एका शेतकऱ्याला समजावून सांगितलं तेव्हा त्याने मला पेढे दिले होते. "एक प्लॉट म्हणजे धाकटीचं लग्न निघालं," असं म्हणाला होता. त्या रस्त्यावर तेव्हा होतं कोण? सायकली, एखादी लुना, साहेबांची बजाज. त्याच लेआउटमधला एक प्लॉट मी हप्त्याने घेतला. माझ्या हाताने काढलेल्या रस्त्यावर मी घर बांधलं आणि आता त्याच रस्त्यावर नातीची व्हॅन अडकते. तक्रार कुणाकडे करू?

2. प्लॉट मोजले, माणसं मोजली नाहीत

दहा एकरांचा लेआउट घ्या. दहा टक्के ओपन स्पेस, रस्ते, आणि उरलेल्यात समजा सत्तर प्लॉट. सत्तर बंगले, सत्तर स्वयंपाकघरं, तीनेकशे माणसं. माझ्या डोळ्यांसमोर पेन चालवताना हेच चित्र असायचं. पुढे पेरूचं झाड, मागे तुळस, फाटकाला अडकवलेली दुधाची पिशवी.

पंधरा-वीस वर्षांत बंगलेवाल्यांची मुलं पुण्याला, बेंगळुरूला गेली, बंगला डेव्हलपमेंटला गेला, टीडीआर, म्हणजे दुसरीकडे सोडलेल्या जागेच्या बदल्यात मिळालेला बांधकामाचा हक्क, चढला आणि एका प्लॉटवर आठ फ्लॅट उभे राहिले. सत्तर गुणिले आठ, पाचशे साठ स्वयंपाकघरं. प्रत्येक प्लॉटचा प्लॅन नियमाप्रमाणे मंजूर. रस्ता तोच, ओपन स्पेस तीच. पाचशे साठ कुटुंबं म्हणजे सव्वादोन हजार माणसं धरा. केंद्र सरकारची नगररचनेची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, 2014 ची. त्यांत पाच हजार वस्तीमागे एक प्राथमिक शाळा सांगितली आहे, आणि तिला 0.4 हेक्टर, म्हणजे साधारण एक एकर जागा. आमच्या लेआउटच्या वाट्याला आली अर्धी शाळा. शेजारच्या लेआउटची दुसरी अर्धी. दोन्ही मिळून एक व्हायला हवी. पण दोन लेआउटचे मालक दोन, आर्किटेक्ट दोन, फायली दोन, मंजुरीची वर्षं दोन. अर्धी शाळा कुणीच बांधत नाही. माझ्या सदतीस वर्षांत एकाही फाईलवर मी "इथे मुलं किती राहतील" असा शेरा पाहिला नाही. झाडं किती ते विचारतात, पार्किंग किती ते विचारतात, पावसाचं पाणी जिरवण्याचा खड्डा कुठे ते विचारतात. मुलं विचारत नाहीत.

डिसेंबर 2020 मध्ये राज्यभरासाठी एकच बांधकाम नियमावली आली. तिच्यात आमच्यासारख्या शहरांत एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या मानाने किती बांधता येईल ते प्रमाण, समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर बेतला आहे. नऊ मीटरच्या आत मूळचा 1.1 आणि बस्स. नऊ ते बारा मीटरच्या रस्त्यावर प्रीमियम (पैसे भरून मिळणारा जादा एफएसआय) आणि टीडीआर धरून दोनपर्यंत, तीस मीटर आणि पुढे तीनपर्यंत, आणि निवासी इमारतीला त्यावर साठ टक्क्यांपर्यंत अॅन्सिलरी एफएसआय. अरुंद गल्लीत उंच इमारत नको, इतपत विचार चांगलाच आहे. पण नियम दारासमोरचा रस्ता मोजतो. तो रस्ता पुढे जाऊन कशाला मिळतो, ते मोजत नाही. नळाची तोटी मोजायची आणि मागची पाइपलाइन बघायचीच नाही, तसं हे. आमच्या भागातले सगळे ऐसपैस रस्ते सकाळी मुंबई-आग्रा महामार्गाखालच्या इंदिरानगरच्या बोगद्यात येऊन ओततात. बोगद्याला एफएसआय नसतो.

याच नियमावलीत 20,000 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जमिनीच्या मालकाने पाच टक्के जागा अमेनिटीसाठी सोडायची आहे. 20,000 म्हणजे पाच एकराला जरासं कमी. माझ्या शेवटच्या वर्षात ऑफिसात आलेल्या एका प्रस्तावाचं क्षेत्र होतं 19,600. उरलेलं दुसऱ्या फाईलमध्ये, दुसऱ्या भावाच्या नावावर. मी काही बोललो नाही. रिटायर व्हायला चार महिने होते.

3. कपाट

नाशिकबाहेरच्या माणसाला हसू येईल, पण "कपाट" हा काही वर्षं आमच्या शहरातला सगळ्यात मोठा प्रश्न होता. भिंतीतल्या कपाटाची जागा एफएसआयमध्ये धरत नसत. मग प्लॅनवर कपाट दाखवायचं आणि बांधताना मधली भिंत घालायचीच नाही. खोली दोन फुटांनी मोठी. अशी कपाटं मी किती काढली याचा हिशोब नाही. ती आत ठेवायला कुणाकडे तेवढे कपडेही नसतील.

2015 च्या सुमारास ही चलाखी अडवली गेली आणि हजारो फ्लॅटचे पूर्णत्वाचे दाखले लटकले. लोक राहायला गेलेले, बँकेचे हप्ते चालू, दाखला नाही. टीडीआर विकत घेऊन जादा क्षेत्र नियमित करता आलं असतं. पण 2016 च्या टीडीआर धोरणाप्रमाणे नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर टीडीआर चालत नव्हता, आणि कपाटवाल्या कितीतरी इमारती उभ्या होत्या नेमक्या सहा आणि साडेसात मीटरच्या रस्त्यांवर. मग महापालिका अधिनियमाचं कलम 210 पुढे आलं: दोन्ही बाजूंच्या मालकांनी पुढून थोडी थोडी जागा सोडून रस्ता नऊ मीटर धरायचा.

म्हणजे 1987 मध्ये मी वाचवलेले तीन मीटर तीस वर्षांनी परत मागायला आले. पेढे देणारा शेतकरी तोवर गेला होता. ते तीन मीटर द्यायचे होते आता फ्लॅटवाल्यांनी, आपल्या कंपाउंडातून, पार्किंगच्या शेडमधून, गणपतीच्या मांडवाच्या जागेतून. आमच्या गल्लीत नकाशावर रस्ता रुंद झाला. व्हॅन कुठे अडकते ते वर सांगितलंच आहे.

4. डीपी रोड हा रस्ता नसतो

विकास आराखड्याच्या शीटवर दोन समांतर रेघा असतात, त्यांना लोक डीपी रोड म्हणतात आणि त्यांच्या भरवशावर फ्लॅट बुक करतात. खरं तर त्या रेघा म्हणजे वीस-पंचवीस शेतकऱ्यांमधला न झालेला करार. ज्याने प्लॅन मंजूर करून घेतला त्याने आपला तुकडा सोडला. शेजाऱ्याची द्राक्षबाग चांगली चाललीये, त्याने का सोडावा? म्हणून अठरा मीटरचा गुळगुळीत डांबरी रस्ता अचानक एका बांधापाशी थांबतो, पुढे तारेचं कुंपण, पलीकडे पुन्हा तोच रस्ता. याला हल्ली मिसिंग लिंक म्हणतात. शेतकरी तिला आपलं वावर म्हणतो.

फ्लॅट घेणाऱ्यांना माझा एकच सल्ला असतो. नकाशा दाखवा म्हणू नका, त्या रस्त्यावरून मला स्कूटरवर बसवून शेवटपर्यंत न्या म्हणा.

5. रुमाल टाकून सीट धरणं

एसटी स्टँडवर गाडी लागली की खिडकीतून रुमाल टाकून सीट धरायची पद्धत होती. आरक्षण म्हणजे तेच. आराखडा करणारा माणूस शेतकऱ्याच्या जमिनीवर रुमाल टाकतो: प्राथमिक शाळा, क्रीडांगण, दवाखाना. सीट धरली गेली. मागून बसायला मात्र कुणी येत नाही.

नव्वदच्या दशकात मंजूर झालेल्या आपल्या आराखड्यात आमच्या परिसरातल्या दीडेक एकरावर शाळेचं आरक्षण होतं. मालक म्हातारे गृहस्थ होते, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो. आरक्षण असल्यामुळे जमीन विकता येईना, तारण ठेवायला बँक तयार नाही, घर बांधायला परवानगी नाही. ते दर सहा महिन्यांनी आमच्या ऑफिसात येऊन विचारायचे, "झाली का हो आमची शाळा?" आधी आम्ही हसायचो. नंतर हसणं बंद झालं.

कायदा असा: महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966. आराखडा अमलात येऊन दहा वर्षं झाली आणि जागा घेतली नाही, तर मालक कलम 127 ची नोटीस देऊ शकतो. नोटिशीनंतर ठरलेल्या मुदतीत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण रद्द. ही मुदत आधी सहा महिने होती, 2009 मध्ये बारा झाली, 2015 मध्ये चोवीस. पूर्वी मुदत संपत आली की एखादं पत्र वरच्या कचेरीला पाठवून "पाऊल उचललं" असं दाखवत. 2007 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गिरनार ट्रेडर्सच्या प्रकरणात सांगितलं की नुसता प्रस्ताव पाठवणं म्हणजे पाऊल नव्हे. त्यानंतर आमच्या धंद्यात "एकशे सत्तावीस टाकणं" हे क्रियापदच झालं. पुढे 2013 चा भूसंपादन कायदा आला आणि मोबदला एवढा वाढला की आरक्षणांची यादी बघून लेखाधिकाऱ्यांच्या पोटात गोळा यावा. मोबदल्याऐवजी टीडीआर घ्या म्हणावं, तर आप्पांसारख्या माणसाला तो कागद कळत नाही आणि कळला तरी त्याच्यावर मुलाचा दवाखाना होत नाही.

आप्पांची नोटीस मीच टाइप करायला दिली. मुदत संपली. आरक्षण गेलं. त्या जागेवर आज एक्केचाळीस फ्लॅटची इमारत आहे आणि तिच्या फाटकासमोर सकाळी पाच व्हॅन आणि दोन स्कूल बस उभ्या असतात.

मी आप्पांना दोष देत नाही. ज्यांनी वीस वर्षं त्यांचं वावर अडकवून ठेवलं आणि एक पैसा दिला नाही, त्यांच्याहून आप्पांनी शहराची सेवा जास्त केली, फुकट. पण एक गोष्ट मनात सलते. आराखड्यावर हरकती मागवतात, सुनावण्या होतात. नाशिकचा 2013 चा प्रारूप आराखडा तर इतका गाजला की शेवटी तो बाजूला ठेवून नव्याने केला गेला आणि जानेवारी 2017 मध्ये मंजूर झाला. सुनावणीच्या बाकांवर मी अनेक दिवस बसलो आहे, अशिलांच्या फायली मांडीवर घेऊन. बाकावरचे सगळे जमीनमालक, वकील, बिल्डर. प्रत्येकाचं म्हणणं एक: आमच्यावरचं आरक्षण काढा. "इथली शाळा काढू नका" म्हणायला एकही आईबाप आलेला मी पाहिला नाही. येणार कसा? ज्याच्या मुलाला ती शाळा लागणार असते, तो तेव्हा धुळ्यात नाहीतर जळगावात नोकरीचा अर्ज लिहीत असतो. त्याचं लग्नसुद्धा झालेलं नसतं.

6. शाळेला सिंहस्थ नसतो

नाशिकच्या रस्त्यांचं घड्याळ बारा वर्षांचं आहे. 2003, 2015, आणि आता 2027. एरवी वर्षानुवर्षं अडलेला तुकडा सिंहस्थ जवळ आला की मोकळा होतो. निधी मुंबईहून येतो, दिल्लीहून येतो, रिंग रोड पुरे होतात. साधूंचे उपकार आहेत आपल्यावर, मी गमतीने म्हणत नाही. पण रिंग रोड झाला की दोन्ही अंगांना बिनशेतीचे अर्ज पडतात, रस्ता रुंद म्हणून एफएसआय भरपूर, आणि बारा वर्षांत तिथे एक नवं गाव उभं राहतं. त्या गावाच्या शाळेसाठी कुठलीही पर्वणी येत नाही.

जाता जाता: फेब्रुवारी 2021 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिकच्या निओ मेट्रोसाठी 2,092 कोटी रुपयांची घोषणा झाली. महिन्याभरात माहितीपत्रकांवर "मेट्रो स्टेशन तीन मिनिटांवर" छापून आलं. फ्लॅट विकले गेले. त्याच वर्षी जुलैत सिटीलिंकच्या बस सुरू झाल्या, त्या मात्र कुठल्या माहितीपत्रकावर मी पाहिल्या नाहीत.

7. शाळा कमी पडतात आणि बंदही होतात

हे मला फार उशिरा उमगलं. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीच्या मुलाला एक किलोमीटरच्या आत शाळा हवी, सहावी ते आठवीला तीन किलोमीटरच्या आत. जुन्या नाशकात त्या होत्याच. पण जुन्या भागातली कुटुंबं उपनगरांत गेली, पट घसरला, आणि महापालिकेने सव्वाशेच्या वर असलेल्या आपल्या शाळा विलीन करून नव्वदच्या आसपास आणल्या. म्हणजे इमारती आहेत तिथे मुलं नाहीत आणि मुलं आहेत तिथे इमारती नाहीत. मधलं अंतर भरून काढते ती व्हॅन.

माझी धाकटी बहीण सिडकोच्या वसाहतीत राहते. सिडकोने नवीन नाशकात सहा योजना केल्या, अंबड-सातपूरच्या कामगारांना परवडतील अशी छोटी घरं. नंतर लोकांनी ती वर-पुढे इतकी वाढवली की गल्लीत ऊन पडत नाही, हे खरं. आमचे आर्किटेक्ट साहेब सिडकोला "कोंबड्यांची खुराडी" म्हणायचे. पण त्या योजनांत शाळेची जागा, बाजाराची जागा, मैदान हे घरांच्या आधी कागदावर नव्हे, जमिनीवर सोडलेलं होतं. भाचे पायी शाळेत गेले, मधल्या सुट्टीत घरी येऊन गरम पोळी खाऊन परत गेले. बहिणीचं घर माझ्या घराच्या निम्मं आहे. तिने आयुष्यात कधी व्हॅनचे पैसे भरले नाहीत.

फेब्रुवारी 2024 मध्ये सरकारने आदेश काढला, चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. मुलांची झोप व्हावी म्हणून. चांगलाच विचार. पण शाळा पायी अंतरावर असती तर तो फक्त झोपेचा प्रश्न राहिला असता. आमच्याकडे तो बोगद्याचा झाला: नऊला लहान मुलांच्या व्हॅन, नऊलाच ऑफिसं, नऊलाच कॉलेजं. सातच्या आणि नऊच्या दोन खेपा म्हणून व्हॅनवाल्याने भाडं वाढवलं ते वेगळं. कचरा साठला की वास येतो, पाणी नसलं की टँकर दिसतो. शाळा नसली की काहीच दिसत नाही. मूल व्हॅनमध्ये बसतं आणि शाळेचा तुटवडा वाहतुकीच्या नावाने ओळखला जातो. मग वाहतुकीवर उपाय म्हणून उड्डाणपूल मागतात.

8. बांधकामं थांबवून शाळा उभी राहत नाही

चिडलेली माणसं म्हणतात, रस्ते आणि शाळा होईपर्यंत सगळ्या परवानग्या बंद करा. मीही म्हणत असे. माझा एक भाचा अमेरिकेत मॅरीलँडमध्ये असतो, माँटगोमेरी काउंटीत. तिथे 1973 मध्ये नियमच झाला की रस्ते-शाळा पुरेशा असल्याशिवाय नव्या घरांना मंजुरी नाही. पुढे शाळेची पटसंख्या क्षमतेच्या 120 टक्क्यांवर गेली की त्या भागात नवी घरं थांबत. ऐकून मला हेवा वाटला. पण 2020 मध्ये त्यांनीच ते थांबवणं जवळपास सोडून दिलं आणि गर्दीच्या भागात बांधणाऱ्याकडून जादा पैसे घ्यायचं ठरवलं. कारण हिशोब केल्यावर दिसलं की वर्गातली बरीच नवी मुलं नव्या घरांतून नव्हे, जुन्या घरांतून येत होती. म्हातारं जोडपं घर विकतं, तिथे तरुण कुटुंब येतं. घरांना मनाई केल्याने घरं महाग झाली, वर्ग रिकामे झाले नाहीत. भाच्याने घर बदललं तेव्हा त्यानेही जुनंच घर घेतलं होतं, शाळा बघून.

आपल्याकडे न्यायालयांनी बांधकामं रोखली आहेत. कल्याण-डोंबिवलीत 2015 मध्ये कचऱ्यामुळे, ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावर 2017 मध्ये पाण्यामुळे. शाळेमुळे रोखल्याचं माझ्या ऐकण्यात नाही.

मला विचाराल तर थांबवू नका, क्रम लावा. डीपी रोडचा मुख्य रस्त्यापर्यंतचा शेवटचा तुकडा ताब्यात आला नसेल तर टीडीआर देऊ नका. प्रीमियमचा पैसा ज्या शिवारातून आला त्याच शिवारातलं आरक्षण विकत घ्यायला वापरा, वेगळ्या खात्यात ठेवून. हे बोलायला सोपं आहे. असा एक कागद मी लिहून संबंधित ठिकाणी दिला होता. पोच मिळाली.

9. माखमलाबादला जे झालं नाही

रस्ते आणि शाळा जमिनीवर आधी पाडायची रीत आपल्या कायद्यात 1915 पासून आहे. तिला टीपी स्कीम म्हणतात. शेकडो एकर एकत्र धरायचे, बांध विसरायचे, आधी रस्ते, शाळा, बाग काढायच्या आणि उरलेले चौकोनी प्लॉट ज्याच्या त्याच्या प्रमाणात परत करायचे. प्रत्येकाची जमीन कमी होते, पण सगळ्यांची सारखी, आणि उरते तिला रस्ता असतो. अहमदाबाद असंच वाढलं. त्यांचा सरदार पटेल रिंग रोडही बराचसा अशा योजनांतून जमीन मिळवून झाला.

स्मार्ट सिटीच्या काळात नाशकात माखमलाबाद-हनुमानवाडी शिवारात सुमारे साडेसातशे एकरांवर अशी योजना मांडली गेली. शेतकऱ्यांनी विरोध केला, मोर्चे निघाले, काहींनी पाठिंबाही दिला, आणि ती उभी राहिली नाही. ड्राफ्ट्समन म्हणून मला हळहळ वाटते. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा अर्ध्या शाळा जोडून पूर्ण करायची संधी होती. पण आप्पांना पाहिलेला माणूस म्हणून मला त्या शेतकऱ्यांचा राग येत नाही. ज्यांच्या वावरावर वीस वर्षं रुमाल पडून होता, त्यांनी "आधी जमीन द्या, मग प्लॉट देतो" यावर कशाच्या जोरावर विश्वास ठेवायचा? गोदेकाठची काळी माती, द्राक्ष, फुलशेती, आणि समोर टेबलावर टक्केवारीचा तक्ता. मीही सही केली नसती कदाचित.

10. मेथी

गेल्या हिवाळ्यात शहराच्या हद्दीबाहेरच्या एका गावातून बोलावणं आलं. तीन एकर, दोन भाऊ. अजून बिनशेती वगैरे काही नाही, नुसती वाटणी. पण आज जिथे बांध पडेल तिथेच उद्या रस्ता होणार, हे मला पक्कं माहीत होतं. मी म्हटलं, दोघांच्या मधे नऊ मीटर सोडा, पोरं दुवा देतील.

थोरला गप्प राहिला. धाकटा म्हणाला, "भाऊसाहेब, आमच्या मामाचं वावर तुम्हीच पाडलं होतं ना? पाथर्डीला? तव्हा सहाच धरले व्हते तुम्ही. मामा लई नाव घ्यायचा तुमचं. आता आमच्याच वाट्याला आलं तर नऊ?"

पेढे देणारा शेतकरी म्हणजे त्याचा मामा. मी काही उत्तर दिलं नाही. टेपचं टोक थोरल्याच्या हातात दिलं, बांधापाशी धरायला सांगितलं आणि टेप सोडत चालत नऊवर जाऊन उभा राहिलो. धाकटा मागून आला आणि त्याने सहाच्या आकड्यावर अंगठा ठेवला. त्याच्या आणि माझ्या मधे तीन मीटर मेथी उभी होती, काढायला आलेली.